‘सदैव उपलब्ध’ राहण्याचे ओझे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

‘कामाला वाहून घेणे’ या अपेक्षेबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत. नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न: हिंजवडीतल्या एका कंपनीत अमेरिकी क्लायंटचे काम करतो. सकाळी १० ला टीमची बैठक आणि रात्री ११ पर्यंत कॉल. काही सहकारी ‘टीम्स’ या ऑफिसच्या चॅट अॅपवरचा ‘उपलब्ध’ दाखवणारा हिरवा ठिपका टिकवायला माऊस आपोआप हलवणारे यंत्र वापरतात. रात्री ९ नंतर जमणार नाही असे मी स्पष्ट सांगितले, तर अप्रेझलमध्ये ‘कमिटमेंट कमी’ असा शेरा येईल का? खोटे वागायचे की खरे सांगायचे?

शेरा येण्याची भीती निराधार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीत एरिन रीड यांनी शंभराहून अधिक जणांच्या मुलाखती घेऊन केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माणसे तीन तऱ्हेने वागताना दिसली. काहींनी कामाला खरोखर वाहून घेतले होते. काहींनी तास गुपचूप कमी केले, पण कोणाला ते जाणवू दिले नाही. ज्यांची मूल्यमापने रीड यांना पाहता आली, त्यांतल्या पुरुषांपैकी ३१ टक्के आणि स्त्रियांपैकी ११ टक्के या गटात होते. तिसऱ्या गटाने कमी तास किंवा रजा उघडपणे मागितली, आणि मूल्यमापनात मार खाल्ला तो याच गटाने. आठवड्याला ८० तास राबणारा आणि राबल्याचा आव आणणारा, यांतला फरक मात्र वरिष्ठांना ओळखता आला नव्हता.

यातून तुमच्यासाठी उपयोगाची गोष्ट एवढीच: वरिष्ठ तास मोजत नाहीत, कोणी ‘सवलत’ मागितली हे लक्षात ठेवतात. म्हणून सवलत मागू नका, व्यवस्था सुचवा. ‘रात्री ९ नंतर मला जमत नाही’ याऐवजी असे लिहा: ‘सोमवार ते गुरुवार संध्याकाळी ६.३० ते ८.३० मी क्लायंटसाठी हजर असेन. त्यानंतर सिस्टिम बंद पडली तर फोन करा. बाकी सर्व मेलना दुसऱ्या दिवशी दुपारी १ पर्यंत उत्तर देईन.’ यात घरचे कारण कुठेही सांगितलेले नाही, आणि ते सांगायची गरजही नाही. कारण न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

माऊस हलवणारे यंत्र मात्र वापरू नका. टीम्सवर सुमारे पाच मिनिटे हालचाल नसली की ठिपका पिवळा होतो, म्हणून लोक हा उपाय करतात. पण कंपनीच्या लॅपटॉपवर कोणते उपकरण जोडले याची नोंद राहते. वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्यावरून डझनाहून अधिक कर्मचारी काढले. कामाच्या वेळेवरचा वाद वाटाघाटीने सुटू शकतो, पण फसवणुकीचा ठपका पुढच्या नोकरीच्या पडताळणीपर्यंत पाठ सोडत नाही.

आता वेळापत्रक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात त्यांच्या उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळचे ६.३० आणि हिवाळी वेळेनुसार ७.३० वाजलेले असतात. पश्चिम किनाऱ्यासाठी हेच आकडे रात्रीचे ९.३० आणि १०.३०. तिथली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. नोव्हेंबरात आपला सगळा दिवस एक तास पुढे सरकतो आणि बहुतेक टीम तो मुकाट्याने सोसतात. ऑक्टोबरच्या मध्यालाच पत्र पाठवा आणि पूर्व किनाऱ्याच्या क्लायंटला हिवाळ्यापुरती सकाळी ८ ची वेळ मागा, म्हणजे आपल्याकडे ६.३० च राहतील. पश्चिम किनारा असेल तर रात्र टळणार नाही, मग पाळी लावा. पाच जणांच्या टीममध्ये प्रत्येकाच्या वाट्याला पाचांतून एक आठवडा येतो. बाकीच्यांनी संध्याकाळी चार ओळी लिहून ठेवायच्या: काय झाले, काय अडले, क्लायंटकडून कोणता निर्णय हवा, अडचण आली तर कोणाला विचारायचे. ज्याची रात्रपाळी, त्याने सकाळी १० ची बैठक वगळायची. त्याच्या एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती यायला हवी.

फोनचीही सोय करून घ्या. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि त्यात पुन्हा येणाऱ्या कॉलला परवानगी द्या. त्याच व्यक्तीचा दुसरा फोन आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आला तर तो वाजतो. टीमला सांगून ठेवा: खरी निकड असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा.

हे सगळे कुठे फिसकटते? पहिल्याच आठवड्यात तुम्ही स्वतः रात्री पावणेअकराला एका साध्या मेलला उत्तर देता, आणि मग तुमचा नियम कोणीच मनावर घेत नाही. रात्री सुचलेच तर उत्तर लिहा, पण जीमेल किंवा आउटलुकमध्ये सकाळी ९.३० ची वेळ लावून ठेवा.

प्रश्न: कोल्हापुरात कपड्यांच्या मोठ्या शोरूममध्ये काम करते. आम्ही ३२ जण आहोत. सकाळी १० ते रात्री ९.३०, मध्ये पाऊण तास जेवण, आठवड्याला एक सुट्टी. पगार २०,८००. ‘हे आपलंच दुकान समजा’ असे मालक म्हणतात. जादा वेळेचे पैसे मागितले तर कृतघ्न ठरवतात.

ताई, आधी हिशेब करू. साडेअकरा तासांतून पाऊण तास वजा केला तर रोजचे पावणेअकरा तास आणि सहा दिवसांचे ६४.५ तास होतात. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बदलांत दिवसाची मर्यादा १० तास झाली, तीन महिन्यांतल्या जादा कामाची १२५ वरून १४४ तास झाली आणि किमान २० कामगारांची अट आली. आठवड्याचे ४८ तास कायम राहिले. तुमच्याकडे ३२ जण आहेत, म्हणजे कायदा दोन्ही रूपांत तुमच्या शोरूमला लागू आहे.

जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळायला हवा. पगार २६ दिवसांनी भागला तर रोज ८०० रुपये, ८ तासांनी भागला तर तासाला १०० रुपये. म्हणजे जादा तासाचे २००. आठवड्याला १६.५ तास जादा, त्याचे ३,३०० रुपये. शिवाय तेरा आठवड्यांत हे तास २१४ च्या वर जातात. म्हणजे मालकांनी पैसे दिले तरी इतके तास राबवून घेता येत नाही. सलग काही तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांतीही कायद्यात आहे. आणि स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय रात्री ९.३० नंतर थांबवता येत नाही. शटर ओढून कपड्यांच्या घड्या घालण्यात जाणारा वेळही कामाचाच आहे.

आजपासून साधी वही ठेवा. तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, जेवणाची सुट्टी, थांबायला कोणी सांगितले, एवढे पाच रकाने पुरेत. रोजच्या रोज लिहा. महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदी टिकत नाहीत. चार आठवडे झाले की एकटीने नको, चार-सहा जणींनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोचेची सही घ्या. पहिली मागणी पैशांची न ठेवता पाळीची ठेवा: निम्म्या जणी १० ते ७, निम्म्या १२.३० ते ९.३०. दुकान पूर्ण वेळ उघडे राहते, त्यामुळे मालकांना हे मान्य करणे सोपे जाते. दाद लागली नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात वहीची प्रत घेऊन जा.

एक पळवाट माहीत असू द्या. पर्यवेक्षकीय, व्यवस्थापकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना या तरतुदी लागू नाहीत, म्हणून काही ठिकाणी सरसकट सगळ्यांना ‘फ्लोअर मॅनेजर’ म्हटले जाते. पण अशा पदांची यादी आस्थापनेच्या संकेतस्थळावर, ते नसेल तर दर्शनी जागी लावावी लागते. ती यादी कुठे लावली आहे ते विचारा. आणि नुसत्या पदनामावर काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहिले जाते.

प्रश्न: नाशिकला एका खासगी बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रविवारीही ‘आज किती खाती उघडली?’ असा आकडा मागतात. रजेचा अर्ज केला की ‘मार्चनंतर बघू’, मार्चनंतर ‘जूननंतर बघू’. काय करावे?

दोन वेगळी दुखणी आहेत. ग्रुपवरच्या रविवारच्या विचारणेला एकट्याने नकार देऊ नका, त्यात तुमचेच नाव डोळ्यांवर येते. शाखेतल्या सर्वांनी मिळून शाखाप्रमुखांना शनिवारी संध्याकाळी ६ वाजता एकच एकत्रित तक्ता पाठवायचे ठरवा. पुढचा तक्ता सोमवारी सकाळी ११ ला. आकडा आधीच पोचलेला असला की रविवारी विचारायला फारसे काही उरत नाही. शाखाप्रमुखांवरही वरून तोच दबाव असतो. त्यांच्या हाती तक्ता असणे त्यांनाही हवेच असते.

रजेबाबत तुमच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे आणि शाखांमध्ये ती फार थोड्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये घातलेल्या नियमानुसार संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी किमान १० कामकाजाचे दिवस सलग रजेवर पाठवणे बँकेवर बंधनकारक आहे, तेही पूर्वसूचना न देता. या काळात अंतर्गत ईमेल सोडला तर कामाच्या कोणत्याही प्रणालीत त्यांना प्रवेश नसतो. नियमामागचा हेतू गैरव्यवहार पकडण्याचा आहे: जो माणूस कधीच खुर्ची सोडत नाही, त्याच्या खात्यात काय चालले आहे ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही. ‘एकही रजा घेतली नाही’ याचे कौतुक करणाऱ्या वरिष्ठांपुढे हा मुद्दा शांतपणे मांडा. कोणती पदे संवेदनशील ते बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणात असते. ते मनुष्यबळ विभागाकडून मागवा.

तुमचे पद त्या यादीत नसले, तर अर्जात तीन गोष्टी घाला: नेमक्या तारखा (सोबत दुसरा पर्यायही), प्रत्येक कामाची जबाबदारी कोण घेणार त्याचे नाव आणि त्या सहकाऱ्याची संमती, आणि ‘अमुक तारखेपर्यंत कळवावे, तिकिटे काढायची आहेत’ ही ओळ. तोंडी मागितलेली रजा नाकारली गेल्याची कुठेच नोंद होत नाही, म्हणून अर्ज प्रणालीतूनच करा. नकारही तिथेच येऊ द्या.

प्रश्न: बाळ नऊ महिन्यांचे आहे. ठाण्यात १२० जणांच्या कंपनीत परत रुजू झाले. कोणी काही बोलत नाही, पण मोठी कामे दुसऱ्यांकडे जातात. ‘तुला त्रास नको म्हणून’ असे साहेब म्हणतात.

आपुलकीने दिलेला हा त्रास ओळखायला कठीण असतो आणि त्याचा फटका दोन वर्षांनी बढतीच्या वेळी बसतो. साहेबांनी तुमच्या वतीने घेतलेला निर्णय तुमच्याकडे परत आणा. ‘अमुक प्रकल्प मला हवा आहे. कामाची वेळ ९.३० ते ६, प्रवास महिन्यातून एकदा, आठ दिवस आधी कळवून’ असे लेखी सांगा. काय जमणार नाही याची यादी देऊ नका, कोणत्या अटींवर जमेल ते द्या. तीन महिन्यांनी कोणते काम पूर्ण झालेले दिसेल, हेही त्याच मेलमध्ये लिहा. म्हणजे मोजायचे काय, ते आधीच ठरते.

हक्कांचेही सांगतो. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त दोन विराम मिळतात. रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही आहे, पण ती दोघांच्या संमतीवर अवलंबून. पूर्वी मातृत्व लाभ कायद्यात असलेल्या या गोष्टी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. विराम कॅलेंडरवर ‘राखीव’ म्हणून टाका. रोज उठून परवानगी मागत राहिलात तर हक्काची मेहेरबानी होते.

प्रश्न: मी स्वतः टीम लीडर आहे, नऊ माणसे हाताखाली. लोकांनी रात्री काम करावे असे मला वाटत नाही, पण मी सांगूनही ते ऑनलाइन असतात. कमिटमेंट नेमकी मोजायची कशी?

तुमच्यासारख्यांकडून असे पत्र आले याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. ‘रात्री काम करू नका’ हे तोंडी सांगून उपयोग होत नाही, कारण लोक तुमचे बोलणे ऐकत नाहीत, तुमच्या मेलची वेळ पाहतात. मेल रात्री १२.१० ची असेल तर बाकीचे जागेच राहणार.

हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीच्या बोस्टन कार्यालयात यावर प्रयोग केले. एका प्रयोगात टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ, सहानंतर, पूर्ण सुट्टी दिली: मेल नाही, फोनही नाही. ती ‘हवी तर घ्या’ अशी नव्हती, घ्यावीच लागत होती. आठवड्यातून एकदा टीम एकत्र बसून कोणाची संध्याकाळ हुकली आणि का, हे पाहत असे. सक्ती हा त्यातला कळीचा भाग आहे. ऐच्छिक ठेवलेली संध्याकाळ महत्त्वाकांक्षी माणूस कधीच घेत नाही, आणि मग ती घेणारा आळशी ठरतो.

नऊ जणांत हे असे बसवा: सोमवार ते गुरुवार रोज दोघे, एके दिवशी तिघे. प्रत्येकाला एक जोडीदार, जो त्याचे काम त्या संध्याकाळी सांभाळील. पहिली सुट्टी तुम्ही घ्या, तीही सगळ्यांना दिसेल अशी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोडीदाराला अर्धवट माहितीमुळे अडचण येईल आणि ‘हे चालत नाही’ असा सूर निघेल. ती अडचण आधीपासूनच होती, फक्त रात्री जागून झाकली जात होती. तेव्हा प्रयोग किमान आठ आठवडे सोडू नका.

आणि मूल्यमापनाच्या कागदावरून ‘तत्परता’, ‘समर्पण’ असले रकाने काढा. त्याजागी ठरलेली कामे, मुदत, दुरुस्तीसाठी परत आलेली कामे आणि सहकाऱ्याला दिलेली मदत, हे चार घाला.

प्रश्न: जर्मनीत श्टुटगार्टला बदली झाली. रविवारी मेल पाठवली तर सहकारी नाराज झाले. इथे मेहनतीची किंमत नाही का?

आहे, पण तिथे ती ठरलेल्या वेळेतच मोजली जाते. तिथल्या कायद्यात दिवसाला ८ तास आहेत. ते १० पर्यंत नेता येतात, पण सहा महिन्यांची सरासरी ८ वर यायला हवी. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती सक्तीची आहे. तुमच्या रविवारच्या मेलने सहकाऱ्यांवर उत्तराचा दबाव येतो, म्हणून ते नाराज झाले. मेल सोमवारची वेळ लावून पाठवा. सुट्टीत आजारी पडलात तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्या, ते दिवस सुट्टीतून वजा होत नाहीत. संकोच करू नका, सगळे तसेच करतात.

प्रश्न: माझे मिस्टर आठवड्याला ६५-७० तास काम करतात. रात्री झोप लागत नाही, चिडचिड वाढली आहे. मोठमोठे उद्योगपतीच ७० तास, ९० तास म्हणतात, मग यांना कसे समजवायचे? नोकरी सोडा म्हटले तर बाँड (ठरलेल्या काळाआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) आणि ९० दिवसांची नोटीस दाखवतात.

नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये ७० तासांचे आणि एल अँड टीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये ९० तासांचे मत मांडले, तेव्हापासून हा आकडा घरोघरी पोचला आहे. तुम्ही गणित मांडा. ७० तास सहा दिवसांत म्हणजे रोज ११ तास ४० मिनिटे. दोन तास प्रवास आणि सात तास झोप धरली तर आंघोळ, जेवण, मुले, आईवडील या सगळ्याला मिळून ३ तास २० मिनिटे उरतात. कमी पडलेला वेळ जातो तो झोपेतून.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणून पहिले काम रक्तदाब आणि साखर तपासून घेण्याचे. छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल तर सोमवारची वाट पाहू नका. झोप दोन-तीन आठवडे बिघडलेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करूनही मनमोकळे बोलता येते, पैसे लागत नाहीत. जगणे नकोसे झाल्याचे त्यांनी कधी बोलून दाखवले, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

बाँडबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. ‘बाँड कधीच चालत नाही’ हे खरे नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. पण ‘बाँड आहे म्हणून सोडताच येत नाही’ हेही खरे नाही. कोणालाही नोकरीत राहण्याची सक्ती न्यायालय करत नाही. प्रश्न फार तर वाजवी भरपाईचा असतो. त्यामुळे आधी नेमणूकपत्रातला आकडा, प्रशिक्षणावर कंपनीने खरोखर काय खर्च केला आणि बाँडचा किती काळ उरला, हे एका कागदावर काढा. बहुतेक वेळा रक्कम भीतीपेक्षा लहान निघते.

नोटिशीचे ९० दिवस पैसे भरून कमी करता येतात का, ते नेमणूकपत्रात पाहा. ‘त्याऐवजी वेतन’ अशी ओळ असेल तर येतात. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली असेल तर राजीनाम्याआधी वैद्यकीय रजा घ्या. दमलेल्या डोक्याने राजीनामा लिहिण्यापेक्षा दहा दिवस झोप घेऊन मग ठरवलेले बरे. राजीनामा ईमेलने द्यावा, शेवटची तारीख त्यातच लिहावी, मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे असतील तर ती त्याच मेलमध्ये परत मागावीत. शिल्लक रजेचे पैसे, अनुभवपत्र आणि भविष्य निर्वाह निधीत नोकरी सोडल्याच्या तारखेची नोंद, या तीन गोष्टी हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.